गिटार न वाजवणारा गिटारवाला

कॉलेजच्या बँडकडे सामान कमी आणि उत्साह जास्त, हे गणित जुनंच आहे. फरक एवढाच, की हल्ली ते सामान दोन स्कूटरवर मावतं. एक इलेक्ट्रिक गिटार, पायाशी ठेवायचा इफेक्ट्स प्रोसेसर आणि कुणाकडून तरी मागून आणलेला एकच पॉवर्ड स्पीकर. जॅक खुपसायचा आणि सुरू!

पण पहिल्याच कॉर्डला घोळ होतो. आदल्या रात्री हेडफोनवर जो टोन ऐकून अंगावर काटा आला होता, तोच आता डासांच्या थव्यासारखा गुणगुणतो. मग खापर स्पीकरवर फुटतं, नाहीतर केबलवर, नाहीतर आणणाऱ्यावर. खरं तर चूक बहुतेक वेळा कुणाचीच नसते. आपण नेमकं काय कशाला जोडतोय, हे कुणी सांगितलेलं नसतं.

ते समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट माहीत हवी. तुमच्या प्रोसेसरच्या मेनूत जे क्लीन अॅम्प आहेत, जो स्प्रिंग रिव्हर्ब आहे, त्यातलं बरंचसं मूळचं त्याच्या टेबलावरचं. गंमत म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. नाव लिओ फेंडर.

संत्र्याची बाग आणि दुकानाबाहेरचा रेडिओ

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, अॅनाहाइम आणि फुलरटन या दोन गावांच्या मधे त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आज अॅनाहाइम म्हटलं की डिस्नेलँड आठवतं. तेव्हा तिथे नजर जाईल तिथवर संत्रीच संत्री होती.

आठ वर्षांचा असताना लिओच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. घरच्यांनी पियानोची शिकवणी लावली, मग तो सॅक्सोफोनकडे वळला. दोन्हींत फार काही जमलं नाही. त्याचं मन भलतीकडेच होतं.

त्याच्या एका नातेवाइकाचं सांता मारिया गावात मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. त्याने लिओला एकदा बॅटरी आणि रेडिओच्या टाकाऊ भागांनी भरलेलं खोकं पाठवून दिलं. पुढच्या वर्षी लिओ ते दुकान बघायला गेला, तर बाहेर सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ मोठ्या आवाजात वाजत होता. शाळकरी पोराच्या डोक्यात तो आवाज कायमचा बसला. वाजवणारा कुठेतरी लांब आहे आणि त्याचा आवाज इथे रस्ताभर पसरतोय, या गोष्टीचं त्याला वेड लागलं. शाळेत असतानाच तो घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला लागला.

आता वाटेल, की पुढे त्याने इंजिनीअरिंग केलं असणार. नाही. फुलरटनच्या ज्युनिअर कॉलेजात त्याने विषय घेतला अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने कधी केला नाही. जे शिकला ते उघडून, जोडून आणि बिघडवून.

नोकरी गेली, दुकान आलं

पहिली नोकरी एका बर्फाच्या कंपनीत. आधी माल पोहोचवायचा, मग वह्या सांभाळायच्या. याच काळात नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या एका बँडच्या म्होरक्याने त्याच्याकडून लाउडस्पीकरची यंत्रणा करून घेतली. सहा संच बनवायचं काम होतं. ही त्याची संगीताच्या धंद्याशी पहिली गाठ.

१९३४ मध्ये एस्थर क्लोस्कीशी त्याचं लग्न झालं. तो कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात हिशेबनीस झाला. पण तो महामंदीचा काळ. खात्यातली नोकरी गेली. मग टायरच्या कंपनीत हिशेब लिहायला लागला, काही महिन्यांत तीही गेली. हातात पदवीच्या जोरावरचं काम उरलं नाही, उरला तो फक्त छंद. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उधार घेतले आणि फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. फेंडर रेडिओ सर्व्हिस.

या दुकानात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरबरोबर आसपासच्या वादकांचे अॅम्प्लिफायरही यायला लागले. गावोगाव फिरून, गाडीत आदळून, दारूच्या गुत्त्यांत रात्ररात्र वाजून जायबंदी झालेले. प्रत्येक बंद पडलेला अॅम्प म्हणजे लिओसाठी एक धडा होता. कुठली तार आधी तुटते, कुठला सांधा सुटतो, कुठला व्हॉल्व्ह वेळेवर दगा देतो, हे त्याला पुस्तकातून कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून कळलं.

दुसऱ्या महायुद्धात डोळ्यामुळे त्याला सैन्यात घेतलं नाही. याच काळात डॉक कॉफमन नावाच्या वादक-कारागिराबरोबर त्याने भागीदारी केली. दोघांनी मिळून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार आणि तिच्यासोबतचा छोटा अॅम्प विकायला सुरुवात केली. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी जी गिटार ऐकू येते ना, ती याच जातकुळीतली. कॉफमनला कर्जाची भीती वाटत होती, तो बाहेर पडला. १९४६ पासून लिओने स्वतःच्या नावाने कंपनी चालवायला घेतली.

चार स्क्रूंची क्रांती

त्या वेळच्या गिटारवाल्यांची अडचण काय होती? गिटार आतून पोकळ. अॅम्पचा आवाज वाढवला, की स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या पोकळीत घुमायचा, तारा पुन्हा थरथरायच्या, ते पुन्हा स्पीकरमधून बाहेर यायचं. या चक्रातून ती भयानक शिट्टी सुरू व्हायची. फीडबॅक म्हणतात तो हाच. मोठ्या हॉलमध्ये वाजवायचं म्हणजे आवाज तरी लहान ठेवा, नाहीतर शिट्टी सोसा.

लिओने पोकळीच काढून टाकली. लाकडाचा भरीव ठोकळा, त्यावर पिकअप, आणि गिटारची मान चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवलेली. भरीव गिटारची कल्पना इतरही काही जणांनी करून बघितली होती. पण कारखान्यात मोठ्या संख्येने बनून बाजारात खपली ती लिओची. मान खराब झाली? चार स्क्रू काढा, नवी बसवा. हा विचार दुरुस्तीच्या दुकानात वर्षं काढलेल्या माणसालाच सुचणार. जाणकार नाकं मुरडत होते, की ही गिटार आहे की फळी? वादक मात्र घेत होते.

१९५० मध्ये या गिटारचं नाव होतं ब्रॉडकास्टर. पण ग्रेच कंपनी जवळपास त्याच नावाचे ड्रम विकत होती, तिने हरकत घेतली. लिओने भांडण वाढवलं नाही. काही काळ गिटारवरच्या पट्टीतून ते नाव चक्क कापून टाकून माल पाठवला गेला. मग १९५१ मध्ये नवं नाव आलं, टेलिकास्टर. तेव्हा टेलिव्हिजन ही ताजी हवा होती. आजही ती गिटार त्याच नावाने विकली जाते.

त्याच वर्षी प्रिसिजन बेस आली. तोवर बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं धूड. ते गाडीत मावायचं नाही आणि बँडच्या गोंगाटात ऐकूही यायचं नाही. लिओने ती गळ्यात अडकवता येईल अशी केली आणि मानेवर पडदे बसवले, म्हणजे सूर नेमका लागेल. प्रिसिजन हे नाव त्यावरूनच. मग एवढा खर्ज पेलायला वेगळा अॅम्प हवा, म्हणून पाठोपाठ बेसमन आला.

१९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरची कड बरगडीत रुतते, अशी वादकांची तक्रार होती, म्हणून हिचं अंग गोलाईने तासलं. डिझाइनमध्ये त्याचा उजवा हात होता फ्रेडी टवारेस, मूळचा हवाईचा वादक. लूनी ट्यून्स कार्टूनच्या सुरुवातीला जी गिटार सुर्रकन वर सरकते ना, ती त्याने वाजवल्याचं मानलं जातं.

लिओची कामाची पद्धत एकच. नमुना बनवायचा, वादकाच्या हातात द्यायचा, तो कार्यक्रमात वाजवून आला की काय खटकलं ते विचारायचं आणि पुन्हा टेबलावर बसायचं. स्वतःला वाजवता येत नव्हतं, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अशा अडचणीचंच त्याने भांडवल केलं.

एक खोकं आणि शेवटची रांग

आता वळूया अॅम्पकडे, कारण तुमच्या स्पीकरचा प्रश्न इथेच सुटतो.

फेंडरच्या बहुतेक अॅम्पमध्ये आवाज वाढवणारं सर्किट आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात असायचे. ही कल्पना त्याच्या आधीची, पण त्याने ती दणकट आणि दुरुस्तीला सोपी केली. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो, याचा तक्ता खोक्याच्या आतच चिकटवलेला असायचा. पुढे काही मोठ्या अॅम्पना बाजूला पाय दिले. ते उघडले, की अॅम्प मागे रेलून वर तोंड करायचा आणि आवाज वादकाच्या पोटऱ्यांऐवजी कानांवर यायचा. तुमचा एकुलता एक स्पीकर जमिनीवर ठेवलेला असेल, तर त्याचंही तोंड थोडं वर करून बघा. फरक लगेच कळेल.

त्याच्या अॅम्पमधला स्पीकर मात्र गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नव्हता. दहा किंवा बारा इंची कागदी पडदा, बस्स. अगदी बारीक, टोकदार आवाज तो बाहेर सोडतच नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. म्हणून डिस्टॉर्शन कितीही खरखरीत असलं, तरी तो कागदी पडदा त्याची धार मोडतो. आपल्या कानाला जो गिटारचा आवाज वाटतो, तो या चाळणीतून आलेला असतो.

पॉवर्ड स्पीकर नेमका उलटा. त्याला झांजेपासून खर्जापर्यंत सगळं स्वच्छ ऐकवायचं असतं. वरच्या पट्टीसाठी त्यात वेगळा छोटा भोंगा असतो. त्यात गिटारचा कच्चा आवाज सोडला, की चाळणीच नसल्याने डासांचा थवा बाहेर पडतो. यावर उपाय तुमच्या प्रोसेसरमध्येच आहे. कॅबिनेट सिम्युलेशन नावाचा पर्याय चालू ठेवा. तो त्या कागदी पडद्याचं काम करतो. आणि आउटपुट कशाला जोडलंय असं प्रोसेसर विचारत असेल, तर गिटार अॅम्पऐवजी लाइन किंवा पीए निवडा.

१९६१ मध्ये लिओच्या कंपनीने आणखी एक वस्तू काढली. रिव्हर्बचं सुटं खोकं. आवाज आत शिरून स्प्रिंगांमधून थरथरत जायचा आणि मोठ्या दिवाणखान्यात वाजवल्यासारखा घुमून बाहेर यायचा. हे खोकं गिटार आणि अॅम्प यांच्या मधे जोडायचं. म्हणजे साखळी अशी झाली. आधी गिटार, मग इफेक्ट, मग अॅम्प, शेवटी स्पीकरचा पडदा. आजचा प्रोसेसर या साखळीतल्या मधल्या सगळ्या कड्या एकटा सांभाळतो, पडद्याच्या नकलेसकट. पॉवर्ड स्पीकरला उरतं फक्त मोठं करण्याचं काम. म्हणून स्पीकरवरचे बेस-ट्रेबल आधी मधोमध ठेवा आणि टोनची सगळी कलाकुसर प्रोसेसरवरच करा.

स्पीकर एकच असेल तर आणखी दोन गोष्टी. प्रोसेसरला सहसा दोन आउटपुट असतात. त्यातलं लेफ्ट/मोनो लिहिलेलं तेवढं वापरा. बऱ्याच मॉडेलमध्ये उजवी बाजू रिकामी राहिली, की दोन्हीकडचा आवाज आपोआप एकत्र होतो. सेटिंगमध्ये मोनोचा पर्याय असेल तर तोही तपासून घ्या, नाहीतर डावी-उजवीकडे उड्या मारणाऱ्या डिलेचा अर्धा आवाज गायब होईल. साधी वाय केबल लावून दोन आउटपुट एका भोकात कोंबू नका, ते एकमेकांशी भांडतात. दुसरं, स्पीकरमागचा खटका माइकवर नको, लाइनवर हवा. माइकवर राहिला तर आवाज फाटतो आणि आपण उगाच प्रोसेसरला शिव्या देतो. सुरू करताना प्रोसेसर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. मधला तो धाडकन आवाज वाचतो.

पण घरी सगळं नीट जुळवूनही हॉलमध्ये फसगत होते. लिओचीही झाली होती. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला डिक डेल नावाचा तरुण बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये सर्फ संगीत वाजवायचा. तो एकामागून एक अॅम्प जाळत सुटला होता. कारखान्यातल्या टेबलावर तर तेच अॅम्प भरपूर मोठे वाटायचे. शेवटी लिओ आणि फ्रेडी टवारेस स्वतः त्या हॉलमध्ये जाऊन गर्दीत उभे राहिले. तेव्हा उलगडलं, की माणसांनी खच्चून भरलेला हॉल आवाज पिऊन टाकतो. परत येऊन त्यांनी जास्त ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची दणकट स्पीकर वापरून नवा अॅम्प उभा केला. शोमन नावाचे अॅम्प या खटाटोपातून पुढे आले.

त्याला नको होतं तेच गाजलं

लिओला आवडायचा स्वच्छ, काचेसारखा आवाज. आवाज फाटणं म्हणजे त्याच्या लेखी बिघाड. पण पोरांनी त्याचे अॅम्प मुद्दाम शेवटपर्यंत फिरवले आणि त्या फाटण्याच्या प्रेमात पडले. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी बेसमन समोर ठेवून त्यावरून आपला पहिला अॅम्प बनवला. मार्शलचा तो जगप्रसिद्ध गडगडाट तिथून सुरू झाला. १९६९ मध्ये वूडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅटोकास्टर मार्शलला जोडून जे काही केलं, त्यात दोन्ही टोकांना लिओ होताच.

त्याची एक चूक तर आजही मेनूत सापडते. सूर वर-खाली हलला तर व्हायब्रेटो, जोर कमी-जास्त झाला तर ट्रेमोलो. लिओने स्ट्रॅटोकास्टरच्या सूर हलवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि जोर हलवणाऱ्या अॅम्पच्या सोयीला व्हायब्रेटो. गिटारवाले अजून तसंच म्हणतात.

नाव विकलं

पन्नाशीच्या दशकापासून लिओला सायनसच्या जंतुसंसर्गाने पिडलं होतं. आजार जाईना. आपले दिवस भरले, असं धरून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकून टाकली. सोबत फेंडर हे नावही गेलं.

आणि मग तो बरा झाला. एका डॉक्टरच्या उपचाराने दुखणं गेलं, हात शिवशिवायला लागले. पण आता त्याने केलेल्या गिटारवर त्याचंच नाव घालायची सोय नव्हती. करारामुळे काही वर्षं त्याला या धंद्यात उघडपणे उतरताही येत नव्हतं. अमाप पैसा होता. पंचावन्नाव्या वर्षी विकून मोकळा झालेला माणूस निवांत बोटीतून फिरत राहिला असता, तरी कुणी काही म्हटलं नसतं.

लिओ परत टेबलावर बसला. सत्तरीच्या दशकात म्युझिक मॅन नावाच्या कंपनीसाठी त्याने काम केलं. तिथली स्टिंगरे बेस आजही वाजते. १९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलरटनबरोबर त्याने जी अँड एल ही कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ. आडनाव विकलं होतं, पहिल्या नावाचं आद्याक्षर तर आपलंच होतं! पुढे त्याला पार्किन्सन्सने गाठलं. तरीही तो रोज वर्कशॉपमध्ये जात राहिला, मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत. २१ मार्च १९९१ रोजी फुलरटनमध्ये तो गेला. वय ८१. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. एकही कॉर्ड न वाजवता.

आज तुमच्या प्रोसेसरचा मेनू उघडा. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे तिथेही त्याचं नाव बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं नसेल. काहीतरी टोपणनाव दिसेल, कॅलिफोर्नियाची किंवा त्याच्या मॉडेलची आठवण करून देणारं. तो टोन निवडा, कॅबिनेट सिम्युलेशन चालू करा, एकच केबल लेफ्ट/मोनोतून स्पीकरला जोडा. मग गिटार मित्राच्या हातात द्या आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. तिथे काय ऐकू येतंय ते बघा आणि परत येऊन एखादं बटण फिरवा. लिओ फेंडर आयुष्यभर हेच करत होता.